घरातली कमान



2020 च्या उन्हाळ्यात आमच्या तीर्थपुरीच्या मोहल्ल्यात एकाएकी तुर्क शिपायांची फौज उभी राहिली. लॉकडाउन होता, शाळा बंद होत्या आणि घरोघरी मोबाइलवर उर्दूत आलेली ‘अर्तुग्रुल’ मालिका चालू होती. दुपारची उन्हं उतरली की पोरं गल्लीत यायची. कुणाच्या कमरेला ओढणीचा पट्टा, कुणाच्या डोक्यावर अम्मीच्या स्वेटरची टोपी. हातात छत्रीच्या तारेच्या नाही तर बांबूच्या कामट्यांच्या कमानी आणि खराट्याच्या काड्यांचे तीर.

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. एके दिवशी असरच्या नमाजनंतर तो आत आला आणि विचारू लागला, “अब्बू, अपने खानदान में कोई कमानवाला था क्या?”

मी वह्या तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, “नाही रे बाबा. आपण साधी माणसं.”

माझे अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर तसबीह घेऊन बसले होते. ते म्हणाले, “था. तेरा परदादा.” आणि पुन्हा गप्प झाले.

मला माहीत नव्हतं असं नाही. आमचे दादा पिंजारी होते. पण हा शब्द आमच्या घरात कधी मोठ्याने उच्चारला गेला नाही. अब्बा पोस्टात नोकरीला लागले, मी बी.एड. करून शिक्षक झालो आणि दादांचं काम मागे पडलं. मी स्वतः दरवर्षी पाचवीच्या मुलांना ‘माझ्या आजोबांचा व्यवसाय’ या विषयावर निबंध लिहायला सांगतो. मी त्यावर कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

पिंजण म्हणजे काय

आजच्या मुलांनी पिंजण पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सांगतो. पिंजण म्हणजे कापूस पिंजायची मोठी कमान. पाच-सहा फुटांचा लाकडी दांडा, त्याच्या एका टोकाला रुंद फळी आणि दोन्ही टोकांमध्ये ताणलेली तात. ही तात बकऱ्याच्या आतड्याची असे. आतडं धुवायचं, खरवडायचं, पिळायचं आणि ताणून वाळवायचं. पिंजण छताला दोरीने टांगायचं, तात कापसाच्या ढिगाजवळ आणायची आणि दोन्ही टोकांना जाड असलेल्या लाकडी दस्त्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरली की कापसाचा तंतू न् तंतू सुटा होतो आणि त्यातली माती, कचरा खाली झडतो.

थंडीच्या तोंडावर पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा. वाटेत तो तातीला बोट लावायचा. तो टणत्कार ऐकला की बाया घरातल्या जुन्या गाद्या, रजया बाहेर काढायच्या. त्याला ओरडून सांगावं लागत नसे.

आपल्यात पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशी आडनावं आहेत. ‘नद्दाफ’ या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. 922 साली बगदादमध्ये ज्यांना मृत्युदंड दिला गेला, त्या मन्सूर हल्लाज यांच्या नावातलं ‘हल्लाज’ म्हणजेही पिंजणारा. एवढा जुना हा पेशा. तरी अब्बा शाळेत गेले की पोरं तोंडाने ‘टंग टंग’ असा आवाज काढायची, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

मुलाने मात्र एकच धरून ठेवलं. परदादा कमानवाले होते, तर आपणही कमान करायची. मालिकेतल्यासारखी, टोकं पुढे वळलेली.

टोकं का वळवायची

मी इंटरनेटवर आणि पुस्तकांत शोधू लागलो. साधी कमान चंद्रकोरीसारखी असते. तुर्क, इराणी, मोगल यांच्या कमानीची टोकं तीरंदाजापासून दूर, म्हणजे पुढच्या बाजूला वळलेली असतात. आज तिला सगळीकडे ‘रिकर्व्ह’ म्हणतात. वळलेल्या टोकांमुळे कमान आखूड ठेवूनही तिच्यात जास्त ताकद साठते आणि चिल्ला, म्हणजे कमानीची दोरी, सोडताच तीर वेगाने सुटतो. घोड्यावरच्या स्वाराला लांब कमान फिरवता येत नाही. त्याला अशी आखूड कमानच सोयीची.

या जुन्या कमानी नुसत्या लाकडाच्या नसत. आत लाकडाचा पातळ गाभा. तीरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, कारण शिंग दाब सहन करतं. निशाण्याकडच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, कारण ते ताण सहन करतात. हे सगळं सरसाने जोडायचं आणि वाळू द्यायचं. एक कमान पुरी व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागे. अशा कमानीने उस्मानी सुलतान तिसरा सलीम याने 1798 साली तीर सुमारे 889 मीटर लांब टाकल्याची नोंद आहे. इस्तंबूलला ओकमैदान नावाची तीरंदाजीची खास जागा होती. तिथल्या शागीर्दाला आधी हलकी, मऊ कमान नुसती ओढायला देत. तीर हाती यायला बराच काळ जाई. 2019 मध्ये युनेस्कोने तुर्कस्तानच्या पारंपरिक तीरंदाजीची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

हे सगळं मी मुलाला मोठ्या हौसेने सांगत होतो. अब्बा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुर्कस्तान दूर है बेटा. यहाँ कौन बनाता था वो भी पढ ले.”

तेही वाचलं. कमान करणाऱ्याला फारसीत ‘कमानगर’ म्हणतात. गुजरातेत कच्छमध्ये कमानगर नावाची मुस्लिम जमात आहे. पूर्वी कमानी करणारे हे लोक. कमानी रंगवण्या-सजवण्याचा त्यांचा हात होता. बंदुकीपुढे कमानीचं काम संपलं, तेव्हा त्यांनी तोच हात भिंतींवरच्या चित्रांकडे वळवला. कच्छच्या जुन्या वाड्यांतली ती चित्रकला आजही ‘कमानगरी’ म्हणून ओळखली जाते. आणि आपल्या महाराष्ट्रात सातपुड्यातले भिल्ल बांबूची कमान करतात. तिची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते. कमान करणारा हात आपल्या मातीतही होता. आपण त्याला कधी सरदार म्हणून पाहिलं नाही, एवढंच.

पहिली कमान

आता माझी चूक सांगतो. शेजारच्या मिस्त्रीचाचांकडे सागवानी चौकटीचा एक तुकडा उरला होता. चांगला सरळ, पॉलिश पेपरने घासलेला. मला वाटलं, सागवानापेक्षा चांगलं काय असणार? आम्ही तो रंध्याने तासला, मधे मूठ ठेवली, टोकांकडे बारीक करत नेला. चार दिवसांत कमानीचा आकार आला. मुलगा खूश, मी त्याच्याहून खूश. बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी नातेवाईक घरी होते. मला ती त्यांना दाखवायची घाई. अब्बा म्हणाले, “अभी मत खींच.” मी म्हणालो, “काही होत नाही अब्बा.” आणि मुलाला सांगितलं, “ओढ पूर्ण.”

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. वरची पाती मोडली आणि ढलपी उडून मुलाच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडा गेला. डोळा वाचला, अल्लाहचे आभार. त्याच्या अम्मीने हळद लावता लावता मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं.

रात्री अब्बांनी मोडलेला तुकडा कंदिलाजवळ धरावा तसा मोबाइलच्या उजेडात धरला आणि मला बोलावलं. फळीच्या कडेने लाकडाच्या रेषा बघ, म्हणाले. त्या मुठीपासून टोकापर्यंत सरळ जात नव्हत्या, मधेच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत होत्या. करवत लाकडाच्या रेषा पाहत नाही, ती आपल्या रेषेत कापते. जिथे रेषा तुटली, तिथेच कमान मोडली होती.

मग ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “पिंजण मैंने जलाया था.”

1972 चा दुष्काळ. कापूस नाही, काम नाही. अब्बांना नुकतीच नोकरी लागली होती आणि रिश्त्यासाठी पाहुणे येणार होते. समोरच्या खोलीत छताला पिंजण टांगलेलं. पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आदल्या रात्री अब्बांनी ते खाली उतरवलं आणि चुलीत घातलं. रिश्ता झाला. त्याच लग्नातून मी जन्मलो. दादांनी मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द काढला नाही. अब्बा म्हणाले, “गुस्सा करते तो अच्छा होता.”

मी त्यांना काय उत्तर देणार होतो? मीही त्याच रांगेतला. मुलाला “आपण साधी माणसं” असं सांगून मी तेच पिंजण पुन्हा एकदा चुलीत घातलं होतं.

दुसरी कमान

दुसऱ्या कमानीचं काम अब्बांच्या हुकमाने झालं. त्याला सव्वा वर्ष लागलं. ते कसं केलं ते क्रमाने सांगतो. कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल.

लाकूड: एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं तुतीचं जुनं झाड वाऱ्याने पडलं होतं. आपल्या जालना जिल्ह्यात रेशमासाठी तुती लावतात, जालन्यात कोषांचा बाजारही भरतो. तुतीचं लाकूड चिवट असतं. कोरियातल्या पारंपरिक कमानीच्या टोकांना तेच वापरतात. आपल्या जंगलातल्या धामणीचं लाकूडही लवचिक. तिचं संस्कृत नाव ‘धन्वन’, म्हणजे नावातच धनुष्य आहे. आम्ही तुतीचा गाठी नसलेला सरळ ओंडका घेतला आणि करवत न लावता पाचरी ठोकून फोडला. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनेच उकलतं.

वाळवण: दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासला. टोकांतून ओल भराभर निघून गेली तर लाकूड तडकतं. मग ते अब्बांच्या पलंगाखाली, सावलीत वर्षभर ठेवलं. मुलगा दर जुम्म्याला ते काढून पाहायचा आणि अब्बा त्याला परत ठेवायला लावायचे.

पाठ: कमानीची निशाण्याकडची बाजू म्हणजे पाठ. साल काढल्यावर तिथे एकच वर्षवलय मुठीपासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. ते कुठेही कापलं गेलं तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून तासायचं ते फक्त पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूने.

माप: मुलाची ओढ 24 इंच. कमान ओढीच्या दुपटीहून चांगली लांब हवी, म्हणून 62 इंच घेतली. मधली मूठ जाड, ती वाकत नाही. मुठीजवळ दीड इंच रुंदी, टोकाला अर्धा इंच.

वळण: बिर्याणीच्या देगेत पाणी उकळलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि कमानीचं टोक तासभर वाफेत ठेवलं. वाफेने लाकूड मऊ होतं, पण बाहेर काढल्यावर मिनिटाभरात बसवावं लागतं. मिस्त्रीचाचांनी बाभळीच्या ठोकळ्याचा साचा करून दिला होता. त्यावर टोक बसवून शिकंजा आवळला आणि आठवडाभर तसंच ठेवलं. नंतर दुसरं टोक.

घडाई: हे सर्वांत अवघड. कमानीला सैल दोरी लावून थोडी ओढायची आणि लांबून पाहायचं. जिथे लाकूड वाकत नाही, तिथेच काचेच्या तुकड्याने खरवडायचं. जिथे जास्त वाकतं, तिथे हात लावायचा नाही. दरवेळी खरवडल्यावर वीस-तीस वेळा हलकेच ओढायची, मग पुन्हा पाहायचं. आज तीन इंच, परवा पाच इंच. दोन्ही पाती सारख्या वाकेपर्यंत हेच. मुलगा कंटाळला की अब्बा म्हणायचे, “लकडी को भी सीखने दे रे.” काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून या कामात उशीर चालतो, घाई चालत नाही.

चिल्ला: जुन्या कमानींना रेशमाचा चिल्ला असे. आम्ही गादी शिवायच्या दोऱ्याचे सोळा पदर पिळून त्याला मेण लावलं. हा पीळ अब्बांनी घातला. साठ वर्षांपूर्वी दादांबरोबर तात पिळलेली बोटं ती, एकही पदर ढिला राहिला नाही.

शेवटी जवसाचं तेल, तीन हात. साध्या वजनकाट्याला अडकवून पाहिलं, पूर्ण ओढीला दहा किलो भरलं. मुलाच्या ताकदीला तेवढं पुरे.

चिल्ला चढवल्यावर अब्बांनी त्याला बोटाने टिचकी मारली आणि कान लावला. मग खालच्या पातीवर एका जागी नख ठेवलं आणि मुलाला म्हणाले, “यहाँ थोडा.” मला तिथे काही दिसत नव्हतं. मुलाने दोनदा काच फिरवली. पुन्हा टिचकी. अब्बांनी मान हलवली.

तीर सुटण्याआधी

आपल्या दीनमध्ये तीरंदाजी शिकण्याला मोठी जागा आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण मला अबू दाऊद आणि तिर्मिजीतल्या त्या हदीसची आठवण होते, ज्यात एका तीरामुळे तिघांना जन्नत मिळते असं येतं: भल्या नियतीने तो बनवणारा, तो सोडणारा आणि तो हातात देणारा. त्यात बनवणाऱ्याचं नाव आधी आहे. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, हजरत दाऊद (अ.) आपल्या हातच्या कमाईचं खात. आपण हे वाजमध्ये ऐकतो, सुबहानल्लाह म्हणतो आणि घरी येऊन रिश्त्यासाठी मुलगा काय करतो हे विचारताना ‘मिस्त्री आहे’ म्हटलं की नाक मुरडतो.

कमान हे खेळणं नाही हेही सांगून ठेवतो. कोणत्याही जिवाला निशाणा करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सक्त मनाई केली आहे. बाजारातून किंवा मस्जिदीतून तीर नेताना टोक मुठीत धरावं, कुणाला लागू नये, हीही त्यांचीच शिकवण. आमच्या घरी तीन नियम आहेत. मोठं माणूस सोबत असेल तरच कमान बाहेर निघते. तीर लावल्याशिवाय चिल्ला ओढून सोडायचा नाही, त्याने कमान फुटते. काम झालं की चिल्ला उतरवून ठेवायचा, नाही तर लाकूड वाकलेलंच राहतं.

पहिला तीर मुलाने शेतात भुसा भरलेल्या पोत्यावर सोडला. तो पोत्याच्या वरून गेला आणि तुरीत हरवला. तासभर शोधला तेव्हा मिळाला. तिसरा की चौथा पोत्यात लागला.

तो काही मोठा तीरंदाज झाला नाही. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शेतमजुराच्या घरातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी हात दिल्यामुळे रिकर्व्ह कमान घेऊन टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला. एक शिक्षक म्हणून त्या गोष्टीचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकारही आहे, त्यात लाकूड-बांबूच्या कमानीनेच स्पर्धा होतात, म्हणजे गरिबाच्या मुलामुलींनाही सुरुवात करता येते. माझ्या मुलाचा कल मात्र वेगळा निघाला. दहावीनंतर त्याने सुतारकामासाठी आय.टी.आय.ला जायचं ठरवलं. घरात दोन दिवस चर्चा झाली. चुलत्यांनी विचारलं, “मास्तरचा मुलगा सुतार होणार का?” मी बोलणारच होतो, पण अब्बाच आधी बोलले: “पिंजारी का पोता है. होगा.”

तो शब्द त्यांनी पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात उच्चारला.

कमान कुठे ठेवायची हा प्रश्न होता. मी कपाटावर ठेवू म्हणालो. अब्बांनी मुलाकडून समोरच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल अशा भिंतीवर दोन खुंट्या ठोकून घेतल्या. जिथे पिंजण टांगलेलं असायचं, ती हीच खोली. घर आता पक्कं झालंय, पण जागा तीच. कमान तिथे आहे. कुणी आलं, विचारलं, की अब्बा आधी पिंजणाची गोष्ट सांगतात, कमानीची नंतर.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी विणकर, कलईवाला, रंगारी, नालबंद, छप्परबंद होऊन गेला असेल. घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा. अवजार राहिलं नसेल, पण हाताला आठवत असतं. मुलांना समोर बसवा आणि विचारा. आणि ऐकताना मध्येच “जाऊ द्या आता ते” असं म्हणू नका. मी ते बरीच वर्षं म्हणत आलो.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.